आधी जबडा, मग माणूस

आमचे डॉक्टर माणसाकडं बघायचे म्हणजे आधी त्याच्या जबड्याकडं बघायचे. डोळे, कपडे, गाव, हुद्दा हे सगळं नंतर, आणि तेही सवड असली तर. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात कुणी आत आलं की हे खुर्चीतून न उठता मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "या, डावीकडनं चावणारे." येणारा गोंधळून मागं बघायचा. मागं कुणी नसायचं.

नावं त्यांच्या डोक्यात राहतच नसत. बायकोच्या सख्ख्या भावाला ते वर्षानुवर्षं 'तो किडका सुळा' म्हणत आले, आणि तेही त्याच्यासमोर. पण एकदा तोंड बघितलं की ते विसरायचे नाहीत. बाजारात, देवळात, एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला थांबवून "काय पावणं, ती खालची दाढ काढलासा का न्हाय अजून?" असं विचारताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय. माणूस बिचारा गालावर हात ठेवून उभा. मग आठवायचं, की हो, चार-पाच वर्षांमागं आपण यांच्याकडं गेलो होतो आणि परत यायला घाबरलो होतो.

लग्नाला बोलावलं तर अक्षता टाकून झाल्या की हा माणूस जेवणाच्या मांडवात खांबाला टेकून उभा राहायचा. जेवायचे नाहीत. लोक कसे चावतात ते बघायचे. यजमानाला वाटायचं, डॉक्टर रुसले. असाच एकदा वधूपिता हात जोडत आला आणि म्हणाला, "आमचं काय चुकलं का?" डॉक्टर म्हणाले, "तुमचं न्हाय, जेवणाचं चुकलं. सगळंच मऊ केलंयसा. एवढं हजार माणूस बसलंय आणि एकाचा पण जबडा हलंना झालाय." वधूपित्यानं ते मनाला लावून घेतलं आणि आचाऱ्याला झापलं, असं पुढं ऐकायला मिळालं.

आता ते नाहीत. मी त्यांच्या शेजारच्याच गल्लीत प्लास्टरचे साचे आणि कवळ्या करून देणारी लॅब चालवते. कोल्हापुरातले निम्मे दातांचे डॉक्टर माझ्याकडं काम पाठवतात, आणि त्यातले निम्मे "त्या वेड्या डॉक्टरांकडं शिकलेल्या ना तुम्ही?" असं विचारतात. मी मान ताठ करून हो म्हणते. वेडे होतेच. पण कसले वेडे होते, ते या लोकांना ठाऊक नाही.

त्यांचं वेड म्हणजे कवट्या. कॉलेजात शिकत असताना कुठल्याशा संग्रहात त्यांनी खोदकामात सापडलेल्या कवट्या बघितल्या होत्या, चार-पाचशे वर्षांमागच्या. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तोच किडा. ते सगळं ते पेशंटला सांगायचे, आणि सांगायची वेळही ठरलेली. आधी तोंडात आरसा घालायचा, कापूस कोंबायचा, लाळ ओढायची नळी अडकवायची, आणि मग इतिहास सुरू करायचा. "पन्हाळ्यावर राजे नांदत हुते ना, तवाचं माणूस बघितलं असतंस तर गार पडला असतास. जबडा असा रुंद. वरचं दात खालच्या दातावर काठाला काठ टेकल्यालं, चिमट्याची टोकं टेकत्यात तसं. अक्कलदाढा सगळ्या जाग्यावर. आणि आपलं? वरचं दात पुढं, खालचं मागं, डब्याला झाकण बसवल्यागत. जबडा आखूड झाला, कपाळ वर चढलं. मेंदूला जागा झाली, दाताला न्हाय. पटतंय का?" पेशंट "आँ" करायचा. डॉक्टर त्याला हो समजायचे.

हे असं कशानं झालं, तर खाण्यानं. यावर त्यांना कुणी एक शब्द बोललेला खपत नसे. पूर्वीचं माणूस चावत होतं, आताचं माणूस गिळतं. बिस्कीट म्हणजे दाताला पेन्शन, असं ते म्हणत. दवाखान्याखाली बेकरी होती आणि दोघांचं वैर अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. बेकरीवाला म्हणायचा, डॉक्टरांचा धंदा माझ्यामुळं चालतो. डॉक्टर म्हणायचे, म्हणून तर तुझ्यावर केस करत न्हाय.

दुसऱ्यांच्या दवाखान्यात जिथं फुलदाणी असते, तिथं यांच्याकडं कोपऱ्यात ऊस उभे असायचे. पोरगं आलं की आधी त्याला कांडं द्यायचं, दातानं सोलायला लावायचं आणि हे समोर बसून बघणार. पोरांच्या आया वैतागायच्या. दातांचा डॉक्टर आणि साखर खायला घालतोय म्हणजे काय. डॉक्टर म्हणायचे, "रस प्या म्हणालो का? सोलून खा म्हणालो. आणि मग चूळ भरा की, तोंड काय भाड्यानं आणलंय?"

एकदा एक पैलवान आला. दारातून तिरका होऊन आत यावं लागलं एवढा देह, आणि अक्कलदाढ आडवी अडकलेली. सुई बघितली आणि गडी लहान पोरासारखा रडायला लागला. आम्ही हसू दाबत होतो. डॉक्टर हसले नाहीत. त्याचा हात हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "मान कमावलीस, दंड कमावलंस, मांड्या कमावल्यास. जबडा कमवायचा राहिला बघ. बदाम वाटून पितोस न्हवं? चावून खा की गड्या." पैलवान रडता रडता हो हो म्हणत होता, तेवढ्यात सुई लागून पण गेली. माणूस वेडा होता, पण त्याचा हात मात्र फुलासारखा होता.

आतल्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि त्यावर पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे. पण ते कसेही ठेवलेले नव्हते. एकेका घरातले तिघं शेजारी शेजारी ठेवलेले, आजा, बाप आणि नातू. आज्याचा जबडा परातीसारखा पसरलेला. बापाचा जरा आवळलेला. आणि नातवाच्या तोंडात दात चेंगरलेले, सणाच्या दिवशी एसटीच्या दारात माणसं चेंगरतात तसे. कुणीही आलं की डॉक्टर त्याला धरून आत न्यायचे आणि दाखवायचे, "जे व्हायला दुसरीकडं शतकं लागली, ते आम्ही तीन पिढ्यांत उरकलं. कोल्हापूरवाला कशात मागं राहत न्हाय."

आता माझं सांगते. मी हुपरीची. आमचं घर पैंजण करणाऱ्यांचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, चांदी आटवून तार ओढायचे, आई आणि मी कड्या जोडून साखळी करायचो, गल्लीत सगळ्यांच्या घरी हेच चालायचं. घरात खाऊनपिऊन सुख होतं. दुःख एकच होतं, ते म्हणजे माझं तोंड. जबडा रुंद, खालचा भाग चौकोनी, आणि दात मिटले की वरचे खालच्यांवर काठाला काठ टेकायचे. लग्नाला आलेली स्थळं चहा-पोहे खाऊन जायची आणि मग मधल्या माणसाकडून निरोप यायचा, मुलगी चांगली आहे, पण चेहरा पुरुषी आहे. हे एकदा झालं, दोनदा झालं. मी फोटो काढताना ओठ मिटून गाल आत ओढायला शिकले. आईनं देवाला नवस बोलून बघितले आणि शेवटी मला घेऊन शाहूपुरीला आली.

डॉक्टरांनी मला तोंड उघडायला लावलं आणि एरवी तिथूनच सुरू व्हायचं ते भाषण ते विसरलेच. दिवा जवळ ओढला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग आईला म्हणाले, "वैनी, हे तोंड कुठनं आणलासा?"

"कुठनं आणणार? जन्मताना घेऊन आली," आई म्हणाली.

"दातावर दात टेकल्यात. कडा झिजून सपाट. अक्कलदाढा बघा, पाटलीणबाई बसल्यागत ऐसपैस बसल्यात. घरात जात्याचं पीठ का?"

"गिरणीचं."

"तेच म्हणतोय मी. दगडाची कच असती जात्याच्या पिठात, कच." आई गिरणी म्हणाली ते त्यांच्या कानावरून गेलं. ऐकायचं नसलं की त्यांचे कान असे बंद व्हायचे. त्यांनी दार उघडून बाहेर बसलेल्या पेशंटना आत बोलावलं. मी आ करून पडलेली आणि माझ्या तोंडात परकी माणसं वाकून बघतायत. गाल सुजलेला एक शेतकरी म्हणाला, "व्हय की, येगळंच हाय." माझ्या डोळ्यांतलं पाणी कानांत जायला लागलं.

डॉक्टरांनी ते बघितलं आणि माणसं बाहेर काढली. मला म्हणाले, "अगं, रडतीयास कशाला? पाचशे वर्षांमागचं तोंड हाय तुझं. लोक असलं तोंड कवटीत बघत्यात, मी जित्या माणसात बघतोय. वाडवडलांचं तोंड हाय हे, रक्तातनं आलंय."

"डॉक्टर," आई म्हणाली, "मला पोरगी म्युझियमात ठेवायची न्हाय. तिचं लग्न करायचंय."

डॉक्टरांनी हात धुतले आणि टॉवेलला पुसत म्हणाले, "ह्यात दुरुस्त करण्यासारखं काय न्हाय. मी ह्याला हात लावणार न्हाय." आई संतापली. एवढ्या लांबून आलो, आता पोरीला घरात बसवून काय करू, तुमच्याकडं आणून ठेवू का, असं वाट्टेल ते बोलली. डॉक्टरांनी ते शब्दशः घेतलं. "ठेवा की. हुपरीची हाय म्हंजे बारीक काम येत असणार. प्लास्टर पण बारीकच काम हाय. उद्यापासनं येऊ दे." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मी हुपरीच्या एसटीनं कोल्हापूरला कामाला आले. आई का तयार झाली, ते मला अजून कळलेलं नाही. शहरात वावरली तर चार स्थळं दिसतील, असा तिचा हिशेब असावा.

माझ्या दातांचा साचा त्यांनी फळीवर ठेवला नाही. टेबलावर ठेवला, गणपती ठेवतात तसा समोर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. त्या वर्षी दातांच्या डॉक्टरांचं संमेलन शाहूपुरीत भरलं, तिथं त्यांनी तो साचा वर धरून भाषण केलं, की पाचशे वर्षांमागचा माणूस अजून हुपरीत राहतो. एरवी त्यांना हसणारी माणसं त्या दिवशी टाळ्या वाजवत होती. पेपरात फोटो आला. त्यात माझे दात होते, चेहरा नव्हता, त्यामुळं आईला बरं वाटलं. डॉक्टरांनी ते कात्रण खिशात घालून झिजेपर्यंत फिरवलं.

मला काय वाटायचं? मला राग यायचा. टेबलावर माझं तोंड मांडून ठेवलंय आणि लोक त्याला चांगलं म्हणतायत, पण घरात सून म्हणून ते कुणाला नको आहे. असल्या कौतुकाचं काय लोणचं घालायचंय? पण काम मी शिकत गेले. साचा ओतताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, कड घासताना श्वास रोखायचा, हे त्यांनी मला शिकवलं, ओरडून ओरडून शिकवलं आणि चांगलं झालं की तेवढ्याच मोठ्यानं बाहेरच्या पेशंटला ऐकू जाईल असं सांगितलं. माझ्या हाताचं असं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं.

मग इचलकरंजीकडचं एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घर मोठं, माणसं गोड बोलणारी. मुलाची आई जाताना माझ्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, "सगळं पसंत हाय. तेवढं जबड्याचं करून घ्या." पुण्यात ऑपरेशन होतं म्हणे. जबड्याचं हाड कापायचं, मागं सरकवायचं, पट्ट्या बसवायच्या आणि काही आठवडे तोंड बांधून पातळ खाऊन राहायचं. आईनं पुण्याला फोन करून तारीख घेतली. आणि खोटं कशाला सांगू, मी तयार होते. मला हाड कापल्याचं भय नव्हतं, परत नाकारलं जाण्याचं होतं.

मी डॉक्टरांकडं रजा मागितली आणि कारण सांगितलं. वाटलं होतं, छत उडेल. पण डॉक्टर प्लास्टर कालवत होते ते हातातच घट्ट झालं आणि त्यांनी वाटीसकट बाजूला ठेवून दिलं. मग "जा" म्हणाले. पेशंटशीही दिवसभर इतिहास बोलले नाहीत. एक पेशंट मला बाहेर येऊन विचारून गेला, डॉक्टरांना बरं नाही का.

पुढच्याच रविवारी दुपारी उतरत्या उन्हाचे ते आमच्या दारात हजर. खांद्यावर ऊस. एसटीतून ऊस घेऊन आले म्हणून कंडक्टरशी भांडण झालेलं, ते आधी सांगून घेतलं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, त्यामुळं ताटं वाढायचीच वेळ होती. आईच्या मनात राग होता, पण दारात आलेल्या माणसाला वाढायचं नाही असं आमच्यात होत नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची उसळ. डॉक्टर जेवत होते आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. अण्णा बिचारे तोंड फिरवून चावायला लागले.

जेवण झालं. डॉक्टर आईला समजावायला आले होते, ते उघड होतं. पान-सुपारी पुढं घेऊन, घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "वैनी, वाडवडलांची चीज हाय ही, रक्तातनं आल्याली..." आई ऐकत होती, पण आमच्याकडं कुणी रिकाम्या हातानं ऐकत नाही. तिनं शेजारची अर्धी झालेली पैंजणाची साखळी मांडीवर ओढली. चिमट्यानं कडी ओवली, तोंडाशी नेली आणि दातांखाली धरून मिटवली. दुसरी ओवली, तोंडाशी नेली. चिमट्यानं मिटवली तर मऊ चांदीवर वण उठतो, दातानं उठत नाही, म्हणून हुपरीत आमच्या गल्लीतल्या बायका कडी दातानंच मिटवतात. मी कळायला लागल्यापासून तेच करत आले. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही कधी आलं नव्हतं.

डॉक्टरांचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबलं.

"वैनी, तोंड उघडा बघू."

"माझ्या तोंडात काय बघतायसा आता?"

"उघडा हो."

आईनं अण्णांकडं बघितलं आणि तोंड उघडलं. डॉक्टर गुडघ्यावर बसून, खिशातली बॅटरी लावून बघत राहिले. मग मला बघितलं. मग शेजारच्या काकूंना हाक मारायला लावली, त्यांना बघितलं. सगळ्यांचे समोरचे दात काठाला काठ टेकलेले आणि सपाट झिजलेले. सगळ्यांचे उजवीकडं जास्त, कारण कडी उजव्या हातानं तोंडाशी जाते. डॉक्टर उठले आणि आमच्या ओसरीवजा सोप्यावर भिंतीला टेकून बसले. ज्या माणसानं भर संमेलनात टाळ्या घेतल्या होत्या, त्याला आपलं चुकलंय हे कळायला बॅटरीचा एवढासा उजेड पुरला.

"रक्तातनं न्हाय," ते म्हणाले. "थोडं असंल. पण हे कामानं घडवलंय."

आईला बाकी काही नाही, एवढं नेमकं कळलं. ती म्हणाली, "म्हंजे वाडवडलांचं काय न्हाय. आमच्याच हातनं बिघडलंय. मग तर दुरुस्त करायलाच पायजे, डॉक्टर."

माझं तोंड वाचवायला डॉक्टरांकडं एकच गोष्ट होती, ती त्यांनी आमच्याच सोप्यावर स्वतःच्या हातानं मोडली होती. त्यांना गप्प बसता आलं असतं. पेपरातलं कात्रण खिशात होतं, आम्हाला कवट्यांतलं काय कळणार होतं? पण खोटं बोलून जिंकणं त्यांना जमत नव्हतं. ऊस तसाच ठेवून ते एसटी धरायला निघून गेले.

पुण्याच्या तारखेच्या आधीच त्या वर्षीचं संमेलन होतं. डॉक्टरांनी निरोप पाठवला, की दोघींनी यायचंच, आईला घेऊन ये. आई यायला तयार नव्हती. अण्णा म्हणाले, "माणूस आपल्या घरी जेवून गेलाय, जा." म्हणून गेलो. डॉक्टरांनी आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. आजूबाजूला सुटाबुटातले डॉक्टर, आणि मधे आई, इरकल नेसून, पिशवी मांडीवर घेऊन.

डॉक्टर स्टेजवर गेले ते माझा साचा आणि त्यांच्या सांगण्यावरून मी घरी काढलेला आईचा साचा घेऊन. "गेल्या साली हितं उभा राहून मी एक जबडा दाखवला," ते म्हणाले. "म्हटलं, पाचशे वर्षांमागचं माणूस सापडलं. तुम्ही टाळ्या वाजवलासा. मी चुकलो. टाळ्या परत घ्या." हॉलमध्ये कुणीतरी हसलं, मागून कुणीतरी काहीतरी बोललं. डॉक्टर थांबले नाहीत. त्यांनी आमच्या गल्लीत काय बघितलं ते सांगितलं, कडी कशी मिटवतात ते हातानं करून दाखवलं.

"आता त्या कवट्यांकडं परत बघा. आपण म्हणतो, भाकरीतल्या कचंनं दात झिजलं. भाकरी हाय, पण नुसती भाकरी न्हाय. त्या माणसांनी दातानं दोर ओढला, कातडं धरलं, सूत तोडलं. तोंड म्हंजे तिसरा हात हुता. आपण तो हात खिशात घालून बसलो, म्हणून जबडा आखूडला, दाढंला जागा राहिली न्हाय, आणि वर आपण म्हणतो, चेहरा सुधारला." मग ते माझ्याकडं वळले. भर हॉलमध्ये, माईक हातात धरून. "आणि ह्या पोरीला मी जुनी म्हटलं. लई वाईट केलं. ती जुनी न्हाय. ती आजची हाय. तुमच्या घरात पैंजण वाजतंय न्हवं, ते असल्याच एखाद्या जबड्यानं मिटवल्यालं हाय. ज्याला हे तोंड वाईट दिसतंय, त्यानं आधी ते पैंजण काढून ठेवावं."

त्या वेळी टाळ्या वाजल्या का नाही, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की मी ओठ मिटून गाल आत ओढायची विसरले. मला माझ्या तोंडाचा अभिमान वाटला. सरळ सांगते, तोवर कधी वाटला नव्हता, आणि त्या दिवसानंतर कधी कमी झाला नाही. आणि त्या माणसाचा तर एवढा अभिमान वाटला, की वाटलं उठून सगळ्यांना सांगावं, मी यांच्याकडं कामाला आहे.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई आईजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, बघू का?" आईला जन्मभराची सवय, बोलताना, हसताना तोंडावर पदर घ्यायचा. तिचा हात पदराकडं गेला. मग तिनं पदर सोडला आणि म्हणाली, "बघा." एक बघून गेल्या, मग दुसऱ्या आल्या. आई तोंड उघडून उभी होती आणि तिच्या मागं डॉक्टर, मुलीचं लग्न लावल्यासारखे कृतार्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं इचलकरंजीला फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं, "ऑपरेशन करणार न्हाय आम्ही. पोरगी हाय तशी पसंत असंल तर बोला." पलीकडून गोड आवाज आला, विचार करून सांगतो म्हणून. दुपारी निरोप आला, की नको. आईनं पुण्याची तारीखही सोडून दिली.

मी कामावर गेल्यावर डॉक्टरांना सांगितलं, सहज सांगावं तसं. त्यांचं तोंड एकदम उतरलं. खुर्चीत पेशंट होता, त्याला "उद्या ये" म्हणाले, दवाखाना बंद केला आणि माझ्याबरोबर हुपरीच्या एसटीत बसले. वाटेत कुणाच्या जबड्याकडं बघितलं नाही.

आई सोप्यावर काम करत बसली होती. डॉक्टर आत आले नाहीत. चपला न काढता पायरीवर बसले.

"वैनी, माझ्या भाषणापायी पोरीचं स्थळ गेलं."

"गेलं," आई म्हणाली.

"मी जाऊन बोलतो त्यांच्याशी. हात जोडतो. पाया पडायला लागलं तरी पडतो."

आईनं हातातली कडी आधी मिटवली, मग साखळी खाली ठेवली.

"नगा जाऊ, डॉक्टर. त्यांस्नी दुसऱ्या तोंडाची पोरगी पायजे हुती, ती आमच्याकडं न्हाय. स्थळ गेलं, जाऊ दे. आमची पोरगी राहिली की."